आमची वाटचाल : डब्यांपासून सिनेमापर्यंत

आमच्या संस्थेचं मूळ आईच्या खानावळीत आहे. लालबागला आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ती गिरणी कामगारांना जेवू घालायची. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, आणि पंगतीला बसणारे गडी एकेक करून गावाकडे निघून गेले. उधारीची वही तेवढी आमच्याकडे राहिली. त्या दिवसांत आईला अन्नपूर्णा महिला मंडळाच्या मदतीने बँकेचं कर्ज मिळालं. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली खानावळवाल्या बायकांसाठीच ते मंडळ उभं केलं होतं. आईने कर्जातून मोठी पातेली घेतली आणि डबे सुरू केले. पुढे मालिकांचं पेव फुटलं तेव्हा आमचे डबे गोरेगावच्या चित्रनगरीत जायला लागले, आणि कॉलेज सुटलं की टेम्पोत बसून ते पोचवायचं काम माझं.

डबे पोचवता पोचवता मला युनिट पाठ झालं. कुणाची शिफ्ट किती वाजता संपते, लाइट दादांचा मुकादम कोण, जनरेटरचं डिझेल कुठे मुरतं. २००६ मध्ये एका प्रॉडक्शन मॅनेजरने विचारलं, "ताई, जेवणाबरोबर लोकेशन पण बघाल का?" तिथून लाइन प्रॉडक्शन, म्हणजे दुसऱ्यांच्या शूटिंगची जागा-माणसं-सामानाची सोय लावायचं काम, सुरू झालं. मावसभाऊ एडिटिंग शिकत होता, त्याला सोबत घेतलं. २०११ ला आम्ही जुना कॅनन फाइव्ह डी मार्क टू विकत घेतला. एका दमात जेमतेम बारा मिनिटांची क्लिप घ्यायचा, उन्हात तापायचा. पण त्या कॅमेऱ्यामुळे आमच्यासारख्यांना स्वतःचं काहीतरी करता येईल असं पहिल्यांदा वाटलं.

पोट मात्र वेगळ्याच कामावर चालायचं. टीव्हीवर खऱ्या गुन्ह्यांवरचे कार्यक्रम असतात, त्यांतल्या नाट्यरूपांतराचं काम आम्हाला मिळायचं. चार दिवसांत एक भाग. घरफोडी, खून, पुन्हा घरफोडी. पैसे बरे होते, जरी ज्या वाहिनीसाठी करायचो ती बिलं चार-चार महिने लटकवायची. २०१४ मध्ये एका म्हाताऱ्या बाईंचा ऑफिसात फोन आला. त्यांच्या घरी झालेली चोरी आम्ही दाखवली होती. नाव बदललं होतं, पण दाराचा रंग, तुळशीची जागा, सगळं पोलिसांच्या कागदांवरून जसंच्या तसं घेतलं होतं. "माझी नथ मी कुठे ठेवते ते तुम्ही सगळ्या नातेवाइकांना दाखवलंत," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या महिन्याचे राहिलेले दोन भाग पुरे केले आणि ते काम बंद केलं.

मग सिनेमाचं डोक्यात आलं. मावसभावाने २०१६ मध्ये पटकथा लिहिली. सुधारलेला घरफोड्या, कुलपांचं इमानदारीने दुरुस्तीकाम करतो, वस्तीत सगळे त्याला 'मिस्त्री' म्हणतात. जुना साथीदार दहा कोटींच्या कामाचं आमिष घेऊन येतो. वाचायला बरी होती, पण कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती. या जगातून गेलेलं माणूस शोधू या, असं मी म्हटलं. तुरुंगातून सुटलेल्यांसाठी काम करणाऱ्या एका कार्यकर्त्याने ओळख करून दिली, आणि काका आमच्याकडे आले.

वय पंचावन्नच्या आसपास, परळच्या एका लाँड्रीत इस्त्रीचं काम. एकदा मुंबई आणि ठाणे, दोन्ही जिल्ह्यांतून तडीपार झालेले. ती दोन वर्षं कर्जतला हॉटेलात भांडी घासून काढली. शेवटची शिक्षा भोगून आल्यापासून अकरा वर्षं कुलपाला हात नव्हता लावला. हे त्यांनी बढाईने सांगितलं नाही, दारू सोडलेला माणूस दिवस सांगतो तसं सांगितलं. घराची चावी बायकोच्या कमरेला. त्यांच्या खिशात एकही चावी नसायची, सायकलची सुद्धा. सायकल बिनकुलपाची लावायचे.

मावसभावाने त्यांना पूर्ण कथा ऐकवली. मध्ये एकदाही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "दहा कोटी घेऊन माझ्याकडे कधी कुणी आलंच नाही हो."

मग कोण येतं, हे तेव्हा त्यांनाही नीट सांगता आलं नाही. म्हणाले, "पगार उद्या देतो म्हटलं ना, त्या रात्री झोप येत नाही." आम्ही ते वहीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून आमच्याकडे रोजंदारीवर येणाऱ्या प्रत्येकाला पॅक-अपच्या आधी पैसे हातात मिळतात, आजही. ते आमच्याबरोबर लोकेशन बघायला यायला लागले. आपल्या धंद्यात याला रेकी म्हणतात, आणि त्यांच्याही धंद्यात रेकीच. आम्ही खिडकीतून उजेड कुठून येतो ते बघायचो. ते जिन्याची कोणती पायरी वाजते, कोणत्या खोलीतलं माणूस पहाटे पाण्याला उठतं ते बघायचे. बघायचे म्हणजे त्यांना ते आपोआप दिसायचं, आणि दिसलं की ते मान खाली घालायचे.

२०१८ च्या डिसेंबरात शूटिंग केलं. एकोणीस दिवस, बजेट ३८ लाख. आईच्या डब्यांच्या धंद्यातून नऊ, पतपेढीचं कर्ज चौदा, बाकी दोन मित्रांनी घातले. नायगावच्या बीडीडी चाळीत एक मोकळी खोली मिळाली होती. १६० चौरस फूट. कॅमेरा मोरीत उभा केल्याशिवाय वाइड शॉट निघायचा नाही. बाहेर गॅलरीत शेजारची माणसं गोधड्या घेऊन बसायची आणि टेक सुरू झाला की खोकला सुद्धा दाबून धरायची. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

नायकाच्या हातची तिजोरी आम्ही चोर बाजारातून, मटण स्ट्रीटवरून आणली होती. जुनी, पितळी मुठीची, तीन माणसांनी उचलायची. लालबागच्या मुलीला तिजोरी-कुलपांचं अप्रूप असतंच. १८९७ साली गोदरेजच्या कुलपांचा कारखाना सुरू झाला तो लालबागच्याच एका शेडमध्ये. आर्टच्या मुलाने तिजोरीची चावी जपून ठेवायची म्हणून स्वतःच्या खिशात ठेवली. त्या रात्री त्याचं काम आधी संपलं आणि तो शेवटच्या लोकलने विरारला गेला. चावी खिशातच.

आमच्या लक्षात आलं तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. सिनेमाभर दिसणारं मंगळसूत्र आणि दागिन्यांचा डबा आत. दुसरं आणून चालत नाही, कंटिन्युइटी जाते, आधीच्या सीनशी जुळत नाही. त्या मुलाचा फोन बंद. खोली आमच्याकडे पहाटे सहापर्यंत, नटाच्या तारखा तेवढ्याच, आणि एका रात्रीचा खर्च पावणेदोन लाख. सगळं युनिट उभं. आणि मग सगळे काकांकडे बघायला लागले. कुणी तोंडाने काही म्हटलं नाही.

म्हटलं ते मी. "काका, बघा ना जरा."

ते तिजोरीपाशी उकिडवे बसले. डावा पंजा दारावर टेकवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. उजव्या हाताचा अंगठा चावीच्या भोकाभोवती एकदा फिरला. मी बाजूलाच होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. वीस वर्षांनी तरुण झाला होता तो. इस्त्रीवर वाकलेला, 'हो ताई, चालेल ताई' म्हणणारा माणूस तिथे नव्हताच. आपलं काम ज्याला नेमकं येतं असा एक कारागीर तिथे बसला होता. दहा-बारा सेकंद असतील. मग त्यांनी हात काढला, पँटला पुसला, आणि उठून म्हणाले, "चावीवाला बोलवा. मला नका बसवू, ताई." आणि जिना उतरून खाली गेले.

परळच्या एका चावीवाल्याला उठवून आणलं. त्याने चार वाजून दहा मिनिटांनी तिजोरी उघडली, बाराशे रुपये घेतले. पाचापैकी दोनच सीन निघाले. एक रात्र वाढवावी लागली, तिचे पैसे मी आजही कुणाकडून मागितलेले नाहीत, कारण ती चूक माझी होती. मी खाली गेले तेव्हा काका चहाच्या पिंपाशी उभे होते. मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुम्ही वाईट मनाने नाही म्हणालात. तेच तर अवघड असतं."

ती रात्र नसती तर आमचा सिनेमा दहा कोटींचाच राहिला असता. तीन दिवसांच्या सुट्टीत मावसभावाने मधला सगळा भाग फाडून नव्याने लिहिला. आता मिस्त्रीकडे पहिल्यांदा येते ती शेजारची वहिनी. दार ओढलं गेलंय, लॅच पडलाय, आत दोन वर्षांचं पोर आणि गॅसवर दूध. चावीवाला येईपर्यंत थांबायला वेळ नाही. अख्खी चाळ गॅलरीत जमून त्याच्याकडे बघते. तो दार उघडतो. वहिनी रडते, कुणी पेढे आणतं, म्हातारे पाठ थोपटतात. तो घरी जातो आणि रात्रभर आपल्या बोटांकडे बघत बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मजल्यावरच्या सहा दारांना नवं, दुसरं कुलूप लागलेलं असतं. वहिनीच्याही. जुना साथीदार त्यानंतर येतो, आणि त्याला फार काही बोलावंच लागत नाही.

तो सहा दारांचा शॉट मावसभावाने संवादाशिवाय ठेवला. माझ्या मते आमच्या सगळ्या कामात तेवढा एक शॉट पैकीच्या पैकी जमला.

बाकीचं थोडक्यात सांगते. सगळ्यात चांगल्या टेकमध्ये चाळीतली मांजर फ्रेममधून चालत गेली होती. सिनेमात प्राणी दिसला की प्राणी कल्याण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, ते नव्हतं, म्हणून तो टेक गेला. पडद्यावर बिडी पेटली की तंबाखूविरोधी सूचना दाखवावी लागते, आणि त्या सीनवर अक्षरं नको होती. म्हणून आमचा मिस्त्री बडीशेप चघळतो. त्यामुळे तो जास्त खरा झाला. डबिंग आणि साउंड मिक्सिंगला वर्ष गेलं, कारण पैसे येतील तसं काम करत होतो. जानेवारी २०२० मध्ये यू/ए प्रमाणपत्र मिळालं, एप्रिलची तारीख ठरली, आणि मार्चमध्ये थिएटरं बंद झाली.

पतपेढीचे हप्ते बंद झाले नाहीत. कोविडच्या काळात आईचे डबे थांबले, लाइन प्रॉडक्शन थांबलं. २०२१ च्या सुरुवातीला जुन्या ओळखीतून पुन्हा तेच नाट्यरूपांतराचं काम आलं. सहा भाग, आगाऊ रक्कम. मी दोन दिवस विचार केला आणि घेतलं. सुधारलेल्या माणसावर सिनेमा काढून आम्ही सोडलेल्या कामाकडे परत गेलो, हे इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण अशा पानांवर लोक फक्त चढती बाजू लिहितात. एक अट घातली होती : ज्यांच्या घरची घटना आहे त्यांना स्क्रिप्ट आधी वाचून दाखवायची. पाच घरांनी होकार दिला. सहाव्या घराने नको म्हटलं, तो भाग आम्ही केला नाही आणि त्याची आगाऊ रक्कम परत केली. त्यानंतर ते काम घेतलेलं नाही.

२०२१ च्या २२ ऑक्टोबरला राज्यातली थिएटरं निम्म्या प्रेक्षकांसह पुन्हा उघडली. आमचा सिनेमा नोव्हेंबरात २७ पडद्यांवर लागला आणि बहुतेक ठिकाणी आठवडाभर टिकला. शासनाच्या अनुदान योजनेत परीक्षण होऊन 'ब' दर्जा मिळाला, त्यातून पतपेढीचं खातं बंद झालं. मित्रांचे पैसे अजून थोडे बाकी आहेत. दरवर्षी दिवाळीआधी देतो.

काका लाँड्री सोडून २०२२ पासून आमच्याकडे आहेत. भांडुपला आमचा गाळा आहे : दिवे, स्टँड, ट्रॉली, केबलची भेंडोळी. त्याचा सगळा हिशेब त्यांच्याकडे, एक क्लॅम्प इकडचा तिकडे होत नाही. गाळ्याची चावी द्यायला गेले तेव्हा म्हणाले, "ती पोराकडे राहू दे." पोरगा म्हणजे आमचा स्टोअरचा असिस्टंट, कळव्याहून येतो. मी आग्रह केला नाही.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मध्य रेल्वे खोळंबली आणि पोरगा अडकला. सात वाजता टेम्पो दारात, युनिट लोकेशनवर पोचलेलं, आणि गाळ्याला साधं शटरचं कुलूप. टेम्पोवाल्याने काकांना काहीतरी म्हटलं असावं, कारण त्यांनी मला फोन केला. म्हणाले, "ताई, पोरगा आला नाही. मी पायरीवर बसलोय." मी म्हटलं, "बसा."

त्या दिवशीचा कॉल टाइम आम्ही पाऊण तास पुढे ढकलला.