कोल्हापूरहून का नाही मागवत?

"तुम्ही मूळच्या कोल्हापूरच्या ना?" असं कुणी म्हणालं की पुढचं वाक्य मला पाठ असतं. मग इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांचे पार्ट्स विकता, तर ब्रेकचे ड्रम, मॅनिफोल्ड, पंप हे सगळं तिकडून का नाही मागवत? शिरोलीत एवढ्या फाउंड्र्या आहेत, स्वस्तात होईल, आपल्या माणसांना काम मिळेल. कॉव्हेंट्रीत गणपतीच्या आरतीनंतर विचारतात. पुतणीच्या लग्नात पंगतीत विचारलं, हातात जिलबी होती. आणि परवा एका अनोळखी मुलानं मेल पाठवून विचारलं, त्याला परदेशातल्या मराठी उद्योजकांवर काहीतरी लिहायचंय. धंदा एवढा वाढवलात मॅडम, मग गावाला का विसरलात, असा एकूण सूर. म्हणून आता एकदाच सगळं सांगते.

आधी ते 'वाढवलात'. एमजीबी ही दोन सीटची गाडी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ॲबिंग्डनला बनत होती, पाच लाखांच्या वर बनल्या. कारखाना बंद झाला, गाड्या राहिल्या, आणि या गाड्या गंजतात. वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार उचलते. दाराखालचा सिल खाल्ला गेला की गाडी मधून खचते आणि दार लागेनासं होतं. सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरचा एक, त्याच्या आत उभा दुसरा, खाली तिसरा. बाहेरून नवा रंग, आत पापड. १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीनं पत्रा दाबायच्या जुन्याच डायांवर अख्खी नवी बॉडी काढून विकायला सुरुवात केली, कारखाना बंद होऊन आठ वर्षं झाल्यावर! एवढं हट्टी गिऱ्हाईक असलं की दुकान कुणाचंही चालतं.

माझं दुकान माझं नव्हतंच. २००३ मध्ये मी एका म्हाताऱ्या इंग्रजाकडे हिशेब लिहायला लागले. ॲबिंग्डन बंद पडल्यावर डीलरांकडचा उरलेला माल त्यानं वजनावर उचलला होता. शेडमध्ये मेणकागदात गुंडाळलेले बेअरिंग, बिस्किटांच्या डब्यांत बोल्ट, आणि कुठे काय आहे ते फक्त त्याच्या डोक्यात. २००९ मध्ये त्याचे गुडघे गेले. मी हप्त्यांवर धंदा घेतला. नातेवाइकांना अजून वाटतं मी एमजी हेक्टरचे पार्ट्स विकते. नाव तेच, पण २००५ मध्ये इथली कंपनी बुडाल्यावर ते चीनमध्ये गेलं आणि तिकडून फिरून तुमच्याकडे आलं. हेक्टरचा साधा बल्बही माझ्याकडे नाही.

मग वाढ झाली कशी? दुसऱ्यांच्या खराब मालामुळे. रोटर आर्म म्हणून एक अंगठ्याएवढा तुकडा असतो, प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली फिरतो. बाजारात आलेल्या नव्या नकलांमध्ये पितळेच्या पट्टीचा रिव्हेट आतल्या दांड्याच्या इतका जवळ यायचा की ठिणगी प्लगकडे जाण्याऐवजी प्लास्टिकमधूनच दांड्यात उतरायची. गाडी वीस मैल छान चालणार आणि गरम झाली की रस्त्यात बसणार. मालक बिचारा कार्बोरेटर खोलत बसायचा. मी चार ठिकाणचे आर्म आणून करवतीनं उभे कापले, रिव्हेटखाली किती जाडी उरते ते मोजलं आणि जो बरा होता तोच ठेवला. पाच पौंडांच्या त्या तुकड्यासाठी आलेली माणसं पुढे इंजिनाचा अख्खा सेट घेऊन जायला लागली. नंतर लॉकडाउनमध्ये लोक आपापल्या गॅरेजमध्ये शिरले, २०२१ मध्ये पेट्रोलात दहा टक्के इथेनॉल आलं आणि त्यानं खराब होतील म्हणून जुने रबरी पाइप सगळ्यांनाच बदलावेसे वाटले. यात माझी जिद्द-चिकाटी कुठे बसवायची ते त्या मुलानं ठरवावं.

तर कोल्हापूर.

मागवलं होतं. २०१३ मध्ये, मागचे ब्रेक ड्रम, दोनशे नग. ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारं ओतीव भांडं, लायनर लावलेले दोन शू आतून त्यावर दाबले की चाक थांबतं. माझे वडील उद्यमनगरात ओतकामाच्या साच्यांसाठी पॅटर्न बनवायचे, लाकडाचे. त्यांच्याच ओळखीतले एक दादा शिरोलीत फाउंड्री चालवतात. शेजारी मशिन शॉप, दोन लेथ. इथे ड्रम मला अठ्ठावीस पौंडांना पडायचा, त्यांचा भाव बोटीच्या भाड्यासकट अकरा. ड्रॉइंग माझ्याकडे नव्हतं, नमुना पाठवायचा होता. डब्यातला एक कोरा, मूळचा ड्रम माझ्याकडे होता. तोच पाठवणार होते. पण त्याच आठवड्यात एका हौशी माणसानं त्याचे नव्वद पौंड देऊ केले. मी विकला. आणि गाडीतून काढलेला एक, दिसायला स्वच्छ, घासूनपुसून कोल्हापूरला पाठवला.

फेब्रुवारीत स्टोनलीला स्पेअर्सचा मोठा बाजार भरतो. मी स्टॉलवर उभी, समोर गर्दी, थंडीनं बोटं वाकत नाहीत, आणि फोनवर दादांची मेल आली. ती मला आजही तोंडपाठ आहे. "ताई, नमुन्याचा आतला व्यास २५५.५ येतोय. दहा इंची म्हणजे २५४ पाहिजे ना? ड्रम एकदा टर्न केलेला वाटतोय. कसं करू?"

टर्न केलेला म्हणजे झिजल्यावर लेथवर आतून कातून घेतलेला, म्हणून मोठा झालेला. मी उत्तर दिलं, "नमुन्याप्रमाणे करा."

का दिलं, यावर मी स्वतःशी दहा वर्षं भांडतेय. गर्दी होती, हे खरं. आकडा नीट वाचला नाही, हेही खरं. पण याहून खरं हे की मला वाटलं, आता हा माणूस बदल सांगून भाव वाढवायला बघतोय. कोल्हापूरची पोर मी, आणि इंग्लंडमधून बघताना मला पहिली शंका तीच आली. इथल्या मशिन शॉपवाल्यानं हेच विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बाई गं, किती बारकाईनं बघतो.

माल जुलैत आला. सुंदर होता, ओतकामात एक छिद्र नाही. दर दहा नगांमागे एक मोजायचा माझाच नियम होता, रोटर आर्मपासूनचा. मोजला नाही. आपल्याकडचा माल म्हणून की काय, कुणास ठाऊक.

ऑगस्ट-सप्टेंबरात तीन फोन आले. हँडब्रेक ढिला वाटतो. तिघांनाही मी तेच सांगितलं, नवे ड्रम, नवे लायनर, दोनशे मैल चालू द्या, बसतील. तिसरा फोन श्रॉपशरच्या एका निवृत्त मास्तरांचा होता. त्यांचं घर चढावर. ऑक्टोबरात एका सकाळी त्यांनी गाडी दारात लावली, हँडब्रेक ओढला, बायको डिकीतून सामान काढत होती. गाडी मागे सरकली. ती बाजूला व्हायला गेली आणि घोटा चाकाखाली आला. गाडी तशीच मागे जात रस्ता ओलांडून दगडी कुंपणाला जाऊन थांबली.

गिअरमध्ये का नाही ठेवली? चढावर जुनी गाडी कुणीही गिअरमध्ये ठेवतं. मी हे तेव्हा म्हटलं, वकिलालाही म्हटलं, आत्ता लिहितानाही बोटं तिकडेच जातात. दोन दगड लावावेत. असो.

मास्तरांनी शिवीगाळ केली नाही. एक पार्सल पाठवलं. त्यात दोन्ही ड्रम, चारही ब्रेक शू आणि फुलस्केपच्या अर्ध्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेला आकडा, इंचात, तीन दशांश स्थळांपर्यंत. आतला मायक्रोमीटर घेऊन स्वतः मोजलं होतं त्यांनी. मी शू टेबलावर उपडे ठेवले. नवा लायनर काळपट असतो. यांच्या मधोमध जेमतेम दोन बोटं रुंद भाग चमकत होता, बाकी सगळा जसाच्या तसा कोरा. वाटोळी भाकरी मोठ्या परातीत ठेवली की ती एकाच जागी टेकते, तसं. माझ्या ड्रममध्ये शू एवढाच टेकत होता. दीड मिलिमीटर. झिजलेल्या वस्तूची हुबेहूब नक्कल केली होती आम्ही, झिजेसकट.

विकलेले सत्त्याऐंशी. मी प्रत्येकाला फोन केला, पत्र पाठवलं, पैसे परत, बसवायची मजुरी माझी. बाईंचा खर्च विम्यानं दिला. माझ्या घरावर दुसरं कर्ज चढलं.

आणि आता जे कुणी विचारत नाही ते. त्या पत्रात मी लिहिलं होतं, "पुरवठादाराकडून मापात चूक झाली." मसुदा वकिलाचा, सही माझी. गाडीमालकांच्या क्लबांमधून माझं केवढं कौतुक झालं. बाई सरळ आहे, स्वतःहून माल परत घेते, पैसे देते! पुढच्या वर्षी ऑर्डरी जवळजवळ दुप्पट झाल्या. वाढ म्हणाल तर खरी वाढ तिथून आहे. आणि ज्या दोन इंग्रज दुकानदारांना मीच दादांचं नाव सुचवलं होतं, त्यांनी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. मला समजलं. मी काही बोलले नाही.

दादांनी मला एकच ओळ पाठवली. "ताई, माझी मेल बघितली नाही वाटतं."

बघितली होती. याचं उत्तर मी दिलेलं नाही.

मी कधी कुणाला कोल्हापूरचा माल खराब आहे असं म्हटलेलं नाही. पण पंगतीत कुणी म्हणालं, "आपल्याकडे काय, क्वालिटीचा प्रॉब्लेम असतो," तर मी मान हलवून जिलबी खाल्ली आहे. तेव्हा वाटायचं, कशाला खोलात शिरा, धंदा सांभाळायचाय, तीन पोरं कामाला आहेत. आता कामाला नऊ माणसं आहेत आणि मी अजूनही तेच म्हणू शकते.

ड्रम आता इथे जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये होतात. नगाला चव्वेचाळीस पौंड पडतात, त्यावर मला काही सुटत नाही. अलीकडे वाटतं, हा दंड मी भरतेय. पण चुकीच्या खिडकीवर.

गेल्या दिवाळीत कोल्हापूरला गेले होते. हायवेवर शिरोली आली तसा भाऊ म्हणाला, वळू का, दादा असतील आत्ता. मी म्हटलं, नको, उशीर होतोय. उशीर होत नव्हता.

त्या मुलाच्या मेलच्या शेवटी आणखी एक विनंती आहे. शिरोलीतल्या एखाद्या चांगल्या फाउंड्रीवाल्याचा नंबर द्याल का, लेखासाठी त्यांच्याशीही बोलायचंय. माझ्याकडे एकच नंबर आहे. तो द्यायचा तर आधी मलाच फोन करून विचारावं लागेल.