एकरी पाव गोणी युरिया

शनिवार, एप्रिल

आज कायोटी रिजवर जाऊन आले. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या दक्षिणेला, १०१ हायवेला खेटूनच ही डोंगराची सोंड आहे. ऑफिसला जाताना रोज खालून जाते, पण वर चढणं आजच जमलं. गोल्डफील्ड्स नावाची पिवळी रानफुलं अजून टिकून आहेत. पुढच्या महिन्यात ऊन तापलं की सगळं वाळून तपकिरी होईल, तोवर बघून घ्यायचं.

रोप वीतभरसुद्धा नाही. बारीक देठ, त्यावर समोरासमोर अरुंद पानं आणि टोकाला शर्टाच्या बटणाएवढं एक पिवळं फूल. आपण सवयीने एक म्हणतो, पण सूर्यफूल-झेंडूच्या कुळातलं असल्यामुळे तो अख्खा मेळाच असतो. वाटेच्या कडेला उकिडवी बसून मोबाइलमधून जवळून पाहिलं. कडेची प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्वतंत्र फूल आणि मधल्या फुगीर भागात इवल्या नळ्यांची दाटी. त्यातल्या कडेच्या नळ्या उमललेल्या, मधल्या अजून मिटलेल्या. मुंगीहून जराशी मोठी एक माशी परागाने माखून त्यातून गोल गोल फिरत होती. या झाडाला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचा लागतो. माशी आली नाही तर बी धरायचं नाही.

आता इथल्या जमिनीबद्दल. खाली सर्पेंटाइन आहे, हिरवट, हाताला गुळगुळीत लागणारा दगड. कॅलिफोर्नियाने १९६५ मध्ये त्याला राज्याचा खडक ठरवलं, पण शेतीच्या हिशेबाने निव्वळ खडकाळ माळ. मॅग्नेशियम वाजवीपेक्षा जास्त, कॅल्शियम कमी, निकेलसारखे जड धातू आणि नत्र जेमतेम. युरोपातून आलेल्या गवतांनी या राज्यातली बहुतेक कुरणं गिळली, पण अशा माळावर त्यांचं फारसं चालेना, म्हणून इथली मूळची फुलं तगून राहिली. कासला कातळावरच्या टीचभर मातीत फुलं येतात, तेव्हा आपण 'काय ही निसर्गाची किमया' म्हणतो. किमया कसली, पोटभर खाणारी दांडगी मंडळी तिथे फिरकत नाहीत एवढंच.

पण इथे आता ती फिरकू लागली आहेत, आणि ती आली आमच्या गाड्यांमुळे. गाडीच्या धुरातून नायट्रोजनचे ऑक्साइड आणि अमोनिया निघतो, वाऱ्याबरोबर डोंगरावर जातो आणि मातीत बसतो. स्टुअर्ट वाईस या शास्त्रज्ञाने १९९९ मध्ये याच भागावर लेख लिहिला. दक्षिण सॅन होजेत हवेतून वर्षाला हेक्टरी १० ते १५ किलो नत्र पडतं, असा त्याचा अंदाज. मी शेतकऱ्याची मुलगी, लगेच हिशेब मांडला. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र, म्हणजे इथे दरसाल एकरी पाव गोणी पडते आहे. न सांगता, न मागता, फुकट. त्यावर इटालियन रायगवत माजतं आणि गोल्डफील्ड्सना ऊनच मिळत नाही. गवताखाली इसबगोलाची एक ठेंगणी भावकीही दबते. बे चेकरस्पॉट नावाच्या फुलपाखराच्या अळ्या मुख्यतः तीच खातात. हे फुलपाखरू १९८७ पासून संकटग्रस्त यादीत आहे, आणि अळीचं फुलपाखरू झालं की ते मध प्यायला याच गोल्डफील्ड्सवर येतं.

यावर इथे जो उपाय आहे तो मला फारच आवडला. गायी! काही ठिकाणी निसर्ग वाचवायचा म्हणून आधी गुरं हटवली होती, तर गवत वाढलं आणि फुलपाखरं पार कोसळली. गुरं आधी गवताला तोंड लावतात, फुलझाडं बरीचशी सोडतात, आणि खाल्लेलं काही नत्र त्यांच्या अंगावर चढून माळावरून बाहेर जातं. आजही चढावर काळ्या गायींचा कळप होता. मी फोटो काढते आहे याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं.

संध्याकाळी अण्णांना फोन लावला. तिकडे सकाळ, चहा चालला होता. सगळं सांगितलं. आयुष्यभर उसाला खत घातलेला माणूस. जमिनीला खत जास्त झालं म्हणून कुणी रडतं, हे त्यांना पटेना.
"अगं, मग त्या रानात मका तरी लावा की."
"अण्णा, ती फुलंच ठेवायची आहेत तिथे."
"बरं. गायी दूध किती देतात?"

त्या दुभत्या नाहीत, मटणाच्या दुकानाच्या वाटेवरच्या आहेत, हे काही मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, "विचारून सांगते."