रूमी मस्तकीच्या बेटावर

पुण्याच्या रविवार पेठेत माझ्या आजोबांचे काष्ठौषधींचे लहानसे दुकान होते. भिंतभर लाकडी खण होते आणि त्यांपैकी सर्वांत वरच्या ओळीतला एक खण आम्हा मुलांना उघडू देत नसत, कारण त्यात रूमी मस्तकी असे. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे, फिकट पिवळे, काचेसारखे हे खडे दाताखाली धरले की आधी चुरा होतात, किंचित कडू लागतात आणि चघळता चघळता त्यांचा एकजीव गोळा होऊन तोंडभर रानातल्या सुचिपर्णी झाडांसारखा वास पसरतो. ‘रूमी म्हणजे रूम देशची,’ एवढेच आजोबा सांगत. अरबी आणि फारसी बोलणारे लोक ज्याला रूम म्हणत ते पूर्व रोमन साम्राज्य होते, आणि त्या साम्राज्यातल्या खिओस नावाच्या एकाच बेटाच्या दक्षिण भागात ही राळ पिकते, हे मला फार उशिरा कळले. गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस मी तिथे जाऊन आलो.

अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून रात्री निघालेली बोट पहाटे खिओसला लागली. बेटाचे मुख्य शहर पूर्व किनाऱ्यावर, तुर्कस्तानाकडे तोंड करून वसलेले आहे. मधली सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी अवघी सातेक किलोमीटर रुंद आहे, त्यामुळे धक्क्यावर उभे राहिले की समोरच्या चेश्मे द्वीपकल्पाचे डोंगर इतके जवळ दिसतात की परका देश तिथे सुरू होतो हे मनाला पटत नाही. नकाशा हाती असल्याशिवाय या बेटाचा इतिहास कळणे अवघड आहे, तो याच जवळिकीमुळे.

सुमारे ८४२ चौरस किलोमीटरचे खिओस आकाराने ग्रीसमधले पाचवे बेट. उत्तरेला चुनखडकाचे उघडेबोडके डोंगर आहेत आणि त्यांतले पेलिनेओ हे शिखर १,२९७ मीटर उंच आहे. शहराच्या दक्षिणेला कांबोस नावाचा सपाट, सुपीक पट्टा लागतो. तिथे तांबूस दगडाच्या उंच भिंतींआड संत्र्या-मोसंब्यांच्या आणि मँडरिनच्या बागा आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक जुन्या बागेत विहिरीवर जनावराने फिरवायचा रहाट आहे. कोकणातल्या आगरात लहानपण काढलेल्या माणसाला तो पाहून जे वाटेल तेच मला वाटले आणि मी तिथे ठरवल्यापेक्षा दोन तास जास्त रेंगाळलो. कांबोस ओलांडले की जमीन उताराला लागते, टेकड्या बुटक्या होतात, माती कोरडी आणि पांढुरकी होते. इथून पुढे मास्तीखाचा, म्हणजे आपल्या मस्तकीचा प्रदेश.

मास्तीखाचे झाड पिस्त्याच्या कुळातले. भूमध्य समुद्राभोवती त्याचे भाईबंद सर्वत्र उगवतात, पण विकण्याजोगी राळ द्यावी ती इथल्याच वाणाने, आणि तीही बेटाच्या दक्षिणेकडच्या चोवीस गावांच्या शिवारात. जुनी झाडे माणसाच्या उंचीहून थोडीच मोठी, खोडे पिळवटलेली, फांद्या जमिनीकडे झुकलेल्या. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडाखालची जागा गोलाकार साफ करून, झाडून, चोपून सपाट करतात आणि तिच्यावर चाळलेल्या पांढऱ्या चुनखडीच्या मातीचा थर देतात. आपल्याकडे सुगीआधी खळे करतात, तशीच ही निगुती. मग जुलैच्या मध्यापासून बारीक टोकदार हत्याराने खोडावर आणि जाड फांद्यांवर आडव्या-उभ्या लहान चिरा पाडतात. या कामाला ग्रीकमध्ये ‘केंदिमा’ म्हणतात आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ भरतकाम असा आहे. चीर खोल गेली तर झाड दुखावते, उथळ राहिली तर राळ येत नाही, म्हणून हात सरावाचा लागतो.

चिरेतून ओघळणारा थेंब खोडावर किंवा खालच्या पांढऱ्या मातीवर पडून पंधरा-वीस दिवसांत घट्ट होतो. त्याला ‘अश्रू’ असेच म्हणतात. इ. स. २५१ मध्ये रोमन सम्राट डेसियसच्या काळात संत इसिदोर यांना या बेटावर देहदंड झाला आणि त्यांच्या दुःखाने झाडे रडू लागली, अशी श्रद्धा इथे आहे. मेस्ता गावात मी ज्या घरी उतरलो होतो, त्या घरच्या आजी मला पहाटे शेतावर घेऊन गेल्या, कारण ऊन चढले की राळ मऊ पडते आणि वेचता येत नाही. दोन तास ओणवे राहून आम्ही दोघांनी मिळून जे गोळा केले ते माझ्या ओंजळीत सहज मावले. एक झाड वर्षाला पाव किलोसुद्धा देत नाही, आणि वेचलेला माल सबंध हिवाळाभर चाळून, धुऊन, एकेक खडा सुरीच्या टोकाने खरवडून स्वच्छ करावा लागतो. आजोबांनी तो खण वर का ठेवला होता, हे मला त्या शेतात उमगले.

इतक्या मोलाच्या वस्तूवर सत्ताधाऱ्यांची नजर गेली नसती तरच नवल. १३४६ मध्ये बेट इटलीतल्या जेनोआवाल्यांच्या हाती आले आणि त्याचा कारभार ‘माओना’ या व्यापारी मंडळीकडे गेला. तिचे भागीदार पुढे जुस्तिनियानी या एकाच आडनावाने ओळखले जाऊ लागले. त्यांनी १५६६ पर्यंत, म्हणजे दोन शतकांहून अधिक काळ, मास्तीखाचा मक्ता राखला आणि गावांची रचनाही त्याच धोरणाने केली. मेस्ताची बाहेरच्या बाजूची घरे एकमेकांना चिकटून तटबंदी बनली आहेत आणि त्या भिंतींना जुन्या काळी बाहेरच्या अंगाला खिडक्याच नसत. आत शिरावे तर कमानींखालून जाणाऱ्या बोळांचे जाळे, ज्यात समुद्री चाचा हमखास वाट चुके. घरांची धाबी मात्र एका पातळीत, म्हणजे संकट आले तर गावकरी धाब्यांवरून मधल्या बुरुजाकडे पळू शकत. ही रचना चाचांपासून रक्षण करणारी होती हे खरे, पण ती राळेवर आणि ती पिकवणाऱ्यांवर पहारा ठेवणारीही होती. मास्तीखाची चोरी करणाऱ्याला क्रूर शिक्षा होत. १४९३ मध्ये पहिल्या सफरीहून परतणाऱ्या कोलंबसने आपल्या पत्रात नव्या भूमीत मास्तीखा असल्याचे सांगताना, आजवर ती केवळ खिओसवर मिळते आणि तिथले सत्ताधीश ती मन मानेल त्या भावाने विकतात, असे आवर्जून लिहिले आहे.

शेजारच्या पिर्गी गावी घरांच्या दर्शनी भिंती ‘क्सिस्ता’ने मढवलेल्या आहेत. काळसर वाळूच्या गिलाव्यावर चुना देऊन, तो ओला असतानाच खरवडून त्रिकोण, चौकटी आणि चक्रे काढतात.

पुढे ऑटोमन तुर्कांच्या राजवटीत या गावांना काही सवलती होत्या, कारण मास्तीखा सुलतानाच्या जनानखान्यात जात असे. या एका गोष्टीचा अर्थ किती भयंकर असू शकतो हे मला नेआ मोनीत समजले. अकराव्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइन मोनोमाखोस याने डोंगरात बांधवलेला हा मठ सोनेरी पार्श्वभूमीच्या कुट्टिमचित्रांसाठी (मोझेकसाठी) प्रसिद्ध आहे आणि १९९० पासून जागतिक वारसा आहे. प्रवेशाजवळच्या छोट्या देवळात काचेच्या कपाटात कवट्या रचून ठेवल्या आहेत. काहींवर घावांच्या खुणा स्पष्ट दिसतात. १८२२ च्या वसंतात सामोस बेटावरून आलेल्या बंडखोरांनी खिओसला ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात ओढले, त्यावर ऑटोमन आरमार चालून आले, आणि हजारो माणसे मारली गेली, हजारो गुलाम म्हणून विकली गेली. जून महिन्यात कानारिस या खलाशाने सेनापती कारा अलीचे जहाज आगीची नौका भिडवून जाळले, पण तोवर बेट ओस पडले होते. फ्रेंच चित्रकार दलाक्रवाने दोनच वर्षांनी पॅरिसमध्ये मांडलेल्या या कत्तलीच्या चित्राने युरोप हादरला. दक्षिणेकडची मास्तीखाची गावे मात्र बव्हंशी वाचली. कोण जगणार आणि कोण मरणार याचा निवाडा शिवारात कोणते झाड उगवते यावर झाला, हे त्या कपाटासमोर उभे राहून सोसत नाही.

जे निसटले ते लंडन, मार्सेय, ओदेसा अशा बंदरांत पांगलेल्या आपल्या आप्तांकडे गेले. खिओसच्या व्यापारी घराण्यांपैकी रॅली घराण्याची पेढी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत आली आणि आपला कापूस विलायतेला पाठवू लागली. शेतकऱ्यांच्या तोंडी असलेल्या, पिकांवरची औषधे बनवणाऱ्या कंपनीच्या ‘रॅलीज’ या नावात ते घराणे आजही आहे.

१९१२ मध्ये खिओस ग्रीसमध्ये सामील झाले, आणि दहा वर्षांनी समोरच्या किनाऱ्यावरून निर्वासितांच्या होड्या आल्या. आजींची आई त्यांपैकीच एका होडीत होती. निघण्याच्या संध्याकाळी त्यांनी मला कागदाच्या पुडीत मूठभर अश्रू बांधून दिले आणि, नातवामार्फत, आमच्याकडे याला काय म्हणतात ते विचारले. मी ‘रूमी मस्तकी’ म्हटले. त्यांनी पहिला शब्द पुन्हा उच्चारायला लावला, मग आपल्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘रोमिई’. तुर्कांच्या अमलात आम्ही स्वतःला ग्रीक नव्हे, हेच म्हणवून घेत असू, असे नातवाने समजावले. आजींची आई अखेरपर्यंत हाच शब्द वापरत होती.