आधी पाठ बघा, मग तोंड : न्यू जर्सीतल्या जुन्या शेतघराच्या आवारात मेटल डिटेक्टर घेऊन दोन दिवस

हंटरडन काउंटीतलं हे शेतघर न्यू जर्सीतल्याच एडिसन गावाहून गाडीने तासाभरावर आहे. दगडी जोतं अठराव्या शतकातलं, वरचं लाकडी घर नंतर दोनदा वाढवलेलं. मागे कोठाराचा उरलेला पाया आणि त्यापलीकडे मक्याचं शेत. जागा खाजगी आहे, मालकांची लेखी परवानगी होती. एप्रिलचा मध्य मुद्दाम निवडला होता. तोवर गेल्या हंगामाची धसकटं कुजून खाली बसलेली असतात, नवी पेरणी मे महिन्यात होते आणि जमिनीत ओल असल्यामुळे डिटेक्टरला खोलवरचे धातूचे तुकडे ऐकू येतात. जुलैत कोरड्या ठणठणीत मातीवर याच जागी निम्मेही तुकडे ऐकू येणार नाहीत.

निघण्याआधीच्या तीन गोष्टी. काउंटीचे १८५० ते १८७० च्या दशकांतले नकाशे बघा. त्यांत घराच्या ठिपक्याशेजारी मालकाचं नाव छापलेलं असतं आणि आज नसलेली घरंही दिसतात. खोदण्याच्या काही दिवस आधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या वायरी आणि गॅसच्या नळ्यांच्या खुणा मारून घ्या. ही सेवा फुकट आहे. आणि गोचिडी : न्यू जर्सीत लाइमचा आजार गोचिडीमुळे होतो, म्हणून पँट मोज्यात खोवा, कपड्यांना पर्मेथ्रिन (गोचिडी मारणारं औषध) मारा आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत नीट तपासा.

आवारात शिरल्यावर बहुतेक जण डिटेक्टरचं लोखंडाचे आवाज वगळण्याचं सेटिंग पूर्ण चढवतात. इथे ते करू नका. खिळ्यांचा करकराट ऐकू यायलाच हवा, कारण जिथे खिळे दाट तिथे घर, छप्पर किंवा गोठा होता. शनिवारी सकाळी कोठाराच्या पायापासून २० पावलांवर, नुसत्या गवतात, खिळ्यांचा एक चौकोनी पट्टा लागला. नकाशात तिथे काहीच नाही. दोन दिवसांतल्या निम्म्याहून जास्त चांगल्या वस्तू त्या पट्ट्याच्या उताराकडच्या कडेला मिळाल्या. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने कचरा उताराकडेच भिरकावला जायचा. अशा दाट लोखंडात ११ इंची कॉइल (डिटेक्टरच्या टोकाची गोल चकती) आंधळी होते : एका खिळ्याच्या आड बटण लपतं. ६ इंची कॉइल लावा आणि हात इतका सावकाश फिरवा की एका फेरीला तीनेक सेकंद लागावेत. गंजलेलं मोठं लोखंड कधीकधी तांब्यासारखा उंच सूर काढतं. शंका आली की ९० अंशात वळून पुन्हा फिरवा. सूर तुटला किंवा जागा सरकली तर बहुधा लोखंडच.

आता खिळे. तेच उचलून बघायचे असतात, फेकायचे नसतात. चारही बाजूंनी निमुळता होत गेलेला, डोक्यावर हातोड्याचे चार-पाच पैलू असलेला खिळा लोहाराने घडवलेला. साधारण १८०० पर्यंतचा. दोन बाजू समांतर आणि दोनच निमुळत्या असतील तर तो पत्र्यातून यंत्राने कापलेला; १७९० च्या दशकापासून पुढचा. गोल तारेचा खिळा १८८० च्या दशकानंतर सर्रास झाला. पण एका घडीव खिळ्यावरून घराचं वय ठरवू नका. जुनं लाकूड आणि जुने खिळे लोक पुन्हा वापरत. मूठभर खिळे एकाच जागचे घ्या आणि त्यांतला सगळ्यात नवा प्रकार बघा. ती जागा त्याच्या आधी बंद झालेली नाही, एवढंच खात्रीने म्हणता येतं. शनिवारी लागलेल्या पट्ट्यातल्या ३० खिळ्यांत तारेचा एकही नव्हता, कापलेले आणि घडीव मात्र मिसळलेले होते.

ओळखीचा खरा नियम बटणांवर शिकायला मिळतो : तोंड झिजतं, पाठ बोलते. या खेपेला आठ सपाट बटणं मिळाली आणि आठांची तोंडं जवळपास सारखीच, गुळगुळीत. तीन मात्र हिरवी पडली नव्हती, राखाडी-रुपेरी होती. तो टॉम्बॅक : तांबं आणि भरपूर जस्ताचा पांढुरका मिश्रधातू, अठराव्या शतकाचा. त्याची पाठीवरची, दोरा ओवायची कडी बटणासोबतच ओतलेल्या उंचवट्यात बसवलेली असते आणि पाठीवर लेथने तासल्याची गोल वर्तुळं दिसतात. दोन बटणांच्या पाठीवर मधोमध सोल्डरचा नुसता ठिपका होता, कडी तुटून गेलेली. अशी बटणं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे मिळतात आणि नवशिके त्यांनाच 'झिजलेलं नाणं' म्हणून घरी नेतात. मधला ठिपका शोधा. उरलेल्या तीन बटणांच्या पाठीवर गोलाकार अक्षरं होती, 'ट्रेबल गिल्ट' किंवा 'स्टँडर्ड कलर' अशी; म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातली. अक्षरांत 'स्कोव्हिल' दिसलं तर माल कनेटिकटमधल्या वॉटरबरीचा. आणि त्यापुढे 'मॅन्युफॅक्चरिंग कंपनी'चं संक्षिप्त रूप असेल तर १८५० नंतरचा, कारण कंपनी त्या नावाने १८५० मध्ये नोंदली गेली. अक्षरं वाचायला बटण उन्हात सरळ धरू नका. सावलीत जा आणि टॉर्चचा उजेड अगदी आडवा टाका.

बक्कल हाती आलं की ते टेबलावर ठेवून बाजूने बघा. पायाच्या घाटाला बसेल असा बाक असेल तर बुटाचं. चौकटीच्या दोन टोकांना बारीक छिद्रं असतात, त्यांतून लोखंडी दांडी जायची. ती आणि आतला काटा बहुतेक वेळा गंजून गेलेले असतात. बुटांची बक्कलं १७९० च्या दशकात नाड्यांपुढे मागे पडली. याच घडणीचं पण लहान आणि रुंदीपेक्षा उंच असेल तर गुडघ्याचं, तोकड्या विजारीचं. टेबलावर सपाट बसणारं, जाडजूड, मधली दांडी चौकटीसकट ओतलेली : ते घोड्याच्या साजाचं. साजाची बक्कलं शेतात कुठेही पडलेली असतात, त्यांवरून घराची जागा ठरत नाही. बुटाचं बक्कल मात्र दारापासून रस्त्यापर्यंतच्या वाटेवर जास्त मिळतं.

गावाकडे बैल पाहिलेल्या माणसाला इथे एक फायदा आहे. स्वल्पविरामाच्या आकाराची, पाच-सहा छिद्रांची लोखंडी चकती इथले नवे हौशी लोक बिजागरीचा तुकडा समजून टाकून देतात. ती पत्री आहे. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका खुराला दोन, आणि चारी पायांच्या मिळून आठ. आपल्याकडचा नालबंद ठोकतो तीच वस्तू. पत्र्या मिळाल्या की त्या जागी बैलही कामाला होते हे कळतं. कोठाराच्या दारापाशी चार मिळाल्या. तसंच घुंगरांचं. ओतीव पितळी घुंगरू घोड्याच्या पट्ट्याला असायचं. त्यावर 'आर डब्ल्यू' अशी अक्षरं असली तर ते इंग्लंडमधल्या ऑल्डबोर्नच्या रॉबर्ट वेल्सच्या ओतशाळेचं. पाकळ्यांची नक्षी आणि आकड्याचा शिक्का असलेली घुंगरं अमेरिकन. आकडा सालाचा नसतो, मापाचा असतो. कनेटिकटमधल्या ईस्ट हॅम्प्टन गावात विल्यम बार्टनने १८०८ मध्ये हा धंदा सुरू केला. आतला लोखंडी खडा गंजून चिकटला असेल तर हलवून सोडवू नका, पितळ चिरतं.

शिशाच्या गोळ्या. बाहेरून पांढऱ्या, हाताला वजनदार. इथे डोळ्यांवर भिस्त ठेवू नका, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा ठेवा. गोळी चेपलेली असली तरी वजनावरून मूळ व्यास काढता येतो : ग्रॅममधल्या वजनाचं घनमूळ गुणिले ५.६७, उत्तर मिलिमीटरमध्ये. हे सूत्र पुरातत्त्वज्ञ डॅनियल सिविलिच यांनी याच राज्यातल्या मॉनमथच्या रणभूमीवरच्या गोळ्यांच्या अभ्यासातून मांडलं. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली ती लढाई २८ जून १७७८ ची. इथली चेपलेली गोळी २२.४ ग्रॅम भरली. घनमूळ २.८२, व्यास १६ मिमी. म्हणजे फ्रेंच मस्केटच्या (सैनिकांच्या लांब नळीच्या बंदुकीच्या) मापाची. ब्रिटिशांच्या ब्राउन बेस मस्केटची गोळी साधारण १७.५ मिमी, सुमारे २९.५ ग्रॅम. पण १६ मिमीची गोळी शिकारीच्या बंदुकीतही चालायची. एका गोळीवरून शेतात लढाई उभी करू नका. सैन्याची बटणं, बंदुकीत ठिणगी पाडणारे गारगोटीचे तुकडे आणि एकाच मापाच्या बऱ्याच गोळ्या एकत्र मिळेपर्यंत थांबा. गोळीवर दातांच्या खोल रुंद खुणा दिसल्या तर त्या बहुतेक डुकरांच्या असतात. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नका.

नाण्यांमध्ये या राज्याचं स्वतःचं तांब्याचं नाणं आहे, आणि एडिसन-आयसेलिनला राहणाऱ्यांनी ते ओळखता यायलाच हवं. १७८६ मध्ये न्यू जर्सीने ३० लाख नाण्यांचं कंत्राट दिलं आणि ती आपल्या शेजारच्या राहवेमध्ये आणि एलिझाबेथमध्ये पाडली गेली. एका बाजूला घोड्याचं डोकं, त्याखाली नांगर आणि 'नोव्हा सीझेरिया' हे राज्याचं लॅटिन नाव. दुसऱ्या बाजूला उभ्या पट्ट्यांची ढाल आणि 'ई प्लुरिबस उनम'. 'अनेकांतून एक' अशा अर्थाचं हे ब्रीद अमेरिकेतल्या नाण्यांवर पहिल्यांदा इथे आलं. ठरलेलं वजन १५० ग्रेन, म्हणजे ९.७ ग्रॅम. साल वाचता येत नसेल तरी आडव्या उजेडात ढालीचे पट्टे किंवा नांगराची दांडी दिसतेच. ब्रिटिश हाफपेनी जवळपास त्याच आकाराची असते, तिच्यावर बसलेली ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री) शोधा. १७९६ नंतरचा अमेरिकेचा तांब्याचा मोठा सेंट १०.९ ग्रॅमचा आणि कडेला साधा. त्याआधीच्या बऱ्याच सेंटांच्या कडेवर अक्षरं असतात, म्हणून कड घासू नका.

हाताने ठोकलेलं, अरबी वळणाच्या अक्षरांचं चांदीचं छोटं नाणं मिळालं तर 'कुणाच्या तरी सहलीची आठवण' म्हणून बाजूला टाकू नका. २०१४ मध्ये ऱ्होड आयलंडच्या मिडलटाउनमध्ये एका फळबागेत १६९३ चं येमेनी नाणं असंच डिटेक्टरने मिळालं. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेला परतणारं गंज-ए-सवाई हे मुघल जहाज लुटलं, त्या लुटीशी अशा नाण्यांचा संबंध जोडला जातो.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र जमिनीत होत नाही, घरी होतं. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने, लिंबाने, पितांबरीने लखलखीत करायची सवय आपल्या हातात आहे. ती इथे पूर्ण आवरा. २०० वर्षं मातीत राहिलेल्या तांब्यावर मूळ पृष्ठभाग धातूत उरलेला नसतो, हिरव्या-तपकिरी थरात असतो. आंबटाने तो थर विरघळला की ढाल, नांगर, साल सगळं त्याच्यासोबत जातं आणि हाती गुलाबी, खडबडीत चकती उरते. शेतात अंगठ्याने चोळलं तरी हेच होतं, कारण मातीतली वाळू पॉलिश पेपरचं काम करते. वस्तू मातीसकट डबीत ठेवा. घरी दोन-तीन दिवस डिस्टिल्ड पाण्यात, पाणी रोज बदलून. मग बांबूच्या टूथपिकने भिंगाखाली, अक्षरांच्या कडेने. मऊ, फिकट हिरवी भुकटी पुन्हापुन्हा फुटत असेल तर ती क्षारांची कीड आहे. नाणं कोरड्या डबीत सिलिका जेलसोबत वेगळं ठेवा, नाहीतर ते आतून खात राहतं.

लोखंडाला आधी चुंबक लावा. चुंबक घट्ट चिकटत नसेल तर आत धातू उरलेला नाही. त्याला हात लावू नका, फक्त वाळवा. पत्रीसारख्या भरीव वस्तूंसाठी विद्युत-विघटन : प्लास्टिकच्या बादलीत चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, वस्तू १२ व्होल्टच्या चार्जरच्या ऋण टोकाला, साध्या लोखंडाचा पत्रा धन टोकाला. टोकं उलटी जोडलीत तर वस्तूच विरघळते. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून काम उघड्यावर. प्रवाह दोन अँपिअरच्या आत ठेवा, दर काही तासांनी बघा. झाल्यावर धुवा, ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवा आणि गरम असतानाच मेण लावा. बुटाच्या बक्कलात लोखंडी काटा उरला असेल तर हा प्रकार नको.

प्रत्येक वस्तूची पिशवी वेगळी, तिच्यावर क्रमांक, खोली आणि जागा. फोनचं जीपीएस तीन ते पाच मीटर चुकतं, त्यामुळे घराच्या जोत्याच्या दोन कोपऱ्यांपासून टेपने अंतर मोजा. याच नोंदींमुळे नव्या पट्ट्याचे तीन कोपरे कागदावर उमटले. जागा न लिहिलेली बटणं नुसती बटणं राहतात. हाडं दिसली आणि ती जनावराची आहेत याची खात्री नसेल तर काम थांबवा आणि पोलिसांना कळवा.

मॉरिसटाउन जवळ आहे आणि वॉशिंग्टनच्या सैन्याची तिथली १७७९-८० च्या हिवाळ्याची छावणी मोह पाडते. पण ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे डिटेक्टर घेऊन फिरणंही गुन्हा. महाराष्ट्रात वाचणाऱ्यांनी हे मशीन किल्ल्यांवर तर मुळीच नेऊ नये. संरक्षित स्मारकात खोदणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेली १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते, मग जमीन तुमची असली तरी.

या शेतघराचा कोठारामागचा भाग झाला. विहिरीपासून रस्त्यापर्यंतची जुनी वाट आणि पट्ट्याचा चौथा कोपरा राहिला आहे. मे ते ऑक्टोबर तिथे मका उभा असेल, तेव्हा कापणीनंतरच जा. मालकांची अट एकच आहे : प्रत्येक वस्तू आधी त्यांना दाखवायची, घराशी निगडित काय ठेवायचं ते ते ठरवतील. गवतातला खड्डा घोड्याच्या नालेसारखा तीन बाजूंनी कापा, चौथी बाजू जोडलेली ठेवा, माती ताडपत्रीवर काढा आणि परत दाबून पायाने बसवा. फाटक जातायेता लावा, पलीकडे मेंढ्या आहेत.