भूलतज्ज्ञ व्हायचंय, मग कॉलेज कुठलं घ्यायचं? माझा अनुभव

माझं गाव सिंधुदुर्गात, किनाऱ्याला लागून. मी बारावीत असताना वहिनीला रात्री कळा सुरू झाल्या, दवाखान्यात नेलं तर बाळाचे ठोके कमी होतायत, सिझर करावं लागेल म्हणाले. डॉक्टर होते, ऑपरेशन थिएटर होतं, पण भूलतज्ज्ञ नव्हते, मग काय, आमच्याकडची नेहमीचीच वाट, अँब्युलन्स आणि गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल. मी मागे वहिनीजवळ बसले होते, तिने माझं मनगट इतकं आवळलेलं की सकाळी बोटांचे वळ दिसत होते. बाळ-बाळंतीण दोघंही सुखरूप आली. पण "भूलतज्ज्ञ नाहीत" हे शब्द माझ्या डोक्यातून गेलेच नाहीत, तेव्हाच ठरवलं की हेच शिकायचं.

नीटचा निकाल लागला तेव्हा मुंबईचं केईएम, नायर वगैरे आवाक्याबाहेर होतं, पण मिरज आणि आमच्या जिल्ह्यातलं ओरोस दोन्ही मिळण्यासारखं होतं. घरात सगळे ओरोसच्या बाजूने. आजी तर रोज विचारायची, "कित्याक गे इतक्या लांब? ओरसाक काय वाईट आसा?" आणि वाईट काहीच नव्हतं, 2021 ला आमच्या जिल्ह्यात सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं ही केवढी मोठी गोष्ट, शेजारच्या रत्नागिरीला तर 2023 उजाडलं.

माझा तेव्हा एक मोठा गैरसमज होता. मला वाटायचं जिथे अ‍ॅनेस्थेशियाची, म्हणजे भूलशास्त्राची, एमडी आहे तिथेच एमबीबीएस केलं की पुढची सीट आपलीच. तसं अजिबात नाही. पीजीची, म्हणजे एमडीसारख्या पुढच्या शिक्षणाची, सीट नीट पीजी या परीक्षेच्या रँकवर मिळते, एम्स, जिपमर सारख्या ठिकाणी आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा, आपल्याच कॉलेजात पीजी मिळेल याची हमी कोणी देत नाही. मग कॉलेज निवडताना स्पेशालिटीचा विचार करायचा तरी कशाला? करायचा, पण वेगळ्या अंगाने. साडेचार वर्षांत तुम्ही पेशंट किती बघणार आणि तुमचं आवडीचं काम डोळ्यासमोर किती वेळा होणार, हे बघायचं. भूलशास्त्राला एमबीबीएसमध्ये वेळच कमी मिळतो, इंटर्नशिपमध्येही दोनच आठवडे, त्यामुळे बाकीच्या वेळात ऑपरेशन थिएटरात जाऊन उभं राहता येतं का, शिकवायला रेसिडेंट (तिथेच पीजी करणारे डॉक्टर) आहेत का, हे माझ्यासाठी महत्त्वाचं होतं. (नवीन कॉलेजात रेसिडेंट कमी असले तर विद्यार्थ्यांच्या हाताला काम जास्त मिळू शकतं, ही दुसरी बाजूही खरी आहे, ज्याला सर्जरी किंवा गायनॅक करायचंय त्याने तिचा नीट विचार करावा.)

फॉर्म भरायच्या आधी बाबा आणि मी फोंडा घाटातून एसटीने निघालो आणि कोल्हापूरला गाडी बदलून मिरजेला पोचलो. तिथलं कॉलेज 1962 चं, शिवाय सांगलीचं सिव्हिलही त्यालाच जोडलेलं. बाबा काही बोलले नाहीत, कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकावर अर्धा तास बसून नुसते येणारे पेशंट बघत होते आणि मग म्हणाले, "हंयच शिक."

प्रेफरन्स भरताना मात्र एक करा, गेल्या वर्षीचा कट ऑफ बघून "हे काय मिळणार नाही" म्हणून आवडीचं कॉलेज खाली टाकू नका. आधी जे हवंय ते वर, त्याने खालच्या कॉलेजचा चान्स जात नाही. आणि सरकारी सीटला एक वर्षाचा बॉन्ड असतो, म्हणजे शिकून झाल्यावर वर्षभर सरकारी सेवा, ते घरच्यांना आधीच सांगा. मी तो किनाऱ्याकडच्याच एखाद्या दवाखान्यात मागणार आहे.

आता फायनल इयरला आहे. गेल्या महिन्यात रात्रीच्या एका सिझरला भूलतज्ज्ञ मॅडमनी मला अगदी जवळ उभं केलं. पेशंट बसलेली, पाठ वाकवलेली, मी तिचे खांदे धरलेले. मॅडमनी मणक्यात भुलीची सुई घातली, आतली तार काढली, आणि दोन क्षणांनी सुईच्या मागच्या टोकाला पाण्यासारखा स्वच्छ थेंब आला. "आलो बघ जागेवर," मॅडम म्हणाल्या. औषध गेलं, पाच मिनिटांत तिचे पाय जड झाले, आणि थोड्या वेळाने बाळ रडलं. तिने शेवटपर्यंत माझा हात सोडला नव्हता.