गेम खोटं कुठे बोलतो?

मुलाला घरीच शिकवायला लागले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता आणि दिवस मी तासातासाने आखला होता. व्हिडिओ गेमला जागा संध्याकाळी सहा ते सात, तीही अभ्यास झाला तर. दोन-तीन महिन्यांत लक्षात आलं की त्याचं डोकं खरं चालतं ते सहा ते सातमध्येच. बाकी दिवसभर तो माझ्या समाधानासाठी वह्या भरायचा.

मग मी हुशारी केली. तो 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' खेळायचा. त्यात रॉकेट जोडायचं, उडवायचं आणि कर्बिन नावाच्या काल्पनिक ग्रहाभोवती कक्षेत न्यायचं. म्हटलं, आयतंच भौतिकशास्त्र! प्रत्येक उड्डाणानंतर भरायचा तक्ता मी छापून घेतला: कोणता नियम वापरलास, काय शिकलास वगैरे. चार दिवस तक्ते भरले गेले. पाचव्या दिवशी त्याने खेळणंच बंद केलं. "तुझा गेम तूच खेळ, आई," म्हणाला. राग आला, पण पोरगं बरोबर बोलत होतं.

तक्ते रद्दीत गेले आणि मी खरोखरच खेळायला बसले. तो मास्तर, मी ढ विद्यार्थिनी. माझं रॉकेट सरळ वर जायचं आणि सरळ खाली यायचं. "अगं, आडवं पळव ना! वर जायचं ते फक्त हवेतून बाहेर पडायला. परत खाली पडू नये म्हणून आडवा वेग लागतो." कक्षा म्हणजे काय, हे शाळेत मला इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.

इंधन कमी पडलं की मी टाक्या वाढवायचे आणि रॉकेट आणखीच ढिम्म व्हायचं. इथे मास्तरही अडले. इंधन दुप्पट, मग वेग दुप्पट का नाही? उत्तर त्सिओल्कोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या समीकरणात होतं आणि त्यात बसला होता लॉगरिदम, जो धडा याने दोनदा टाळला होता. भरलेल्या रॉकेटचं वस्तुमान रिकाम्याच्या दुप्पट असेल, तर बाहेर पडणाऱ्या वायूच्या वेगाच्या ०.६९ पट वेग मिळतो. चौपट केलं तर १.३९, आठपट केलं तर २.०८. दरवेळी वजन दुपटीने वाढवायचं आणि पदरात पडायचे तेच ०.६९. हा तक्ता त्याने स्वतः केला, मी न सांगता.

पण खरी मजा पुढे आली. कर्बिनभोवती फिरायला सेकंदाला सुमारे २.३ किलोमीटर वेग पुरतो. पृथ्वीजवळच्या कक्षेत ७.८ लागतो. असं का? कर्बिनची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर, पृथ्वीची ६,३७१. तरीही पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण मात्र पृथ्वीइतकंच. त्याने घनता काढली तर घन सेंटिमीटरला ५८ ग्रॅमच्या आसपास आली. कुठेतरी शून्य चुकलं म्हणून दीड तास आकडेमोड तपासत बसला. ऑस्मियम हे निसर्गातलं सर्वांत जास्त घनतेचं मूलद्रव्य, त्याची घनता २२.६. मग ओरडतच आला: "आई, हा ग्रह असूच शकत नाही!"

तेव्हापासून आमची पद्धतच ठरली: गेम खोटं कुठे बोलतो ते शोधायचं. १९९१च्या 'सिव्हिलायझेशन' या गेममधले गांधी अणुबॉम्ब टाकत सुटतात, अशी दंतकथा त्याने ऐकली होती. आक्रमकता १ होती, त्यातून २ वजा झाले आणि ती साठवायच्या आठ बिटांच्या जागेत फक्त ० ते २५५ मावत असल्याने उणे एकऐवजी ती २५५ झाली, म्हणे. हे समजून घ्यायला त्याने द्विमान पद्धत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहिणं, शिकून घेतली. नंतर कळलं की असा बग नव्हताच, असं गेमचे कर्ते सिड मायर यांनीच २०२० साली लिहिलंय. गोष्ट खोटी निघाली, पण द्विमान पद्धत पक्की बसली.

सगळंच गेमने केलं असं मात्र नाही. निबंध, भूमितीतल्या सिद्धता आणि मुख्य म्हणजे कंटाळवाण्या सरावाची चिकाटी, यांसाठी वेगळे तास लागले आणि तिथे कुरबूर अजूनही असते. रात्री उशिरापर्यंत खेळण्यावरून भांडणंही होतात. काही गेम तो नुसतेच धडाधड गोळ्या झाडायला खेळतो. त्यातून काय शिकलास, असं मी विचारत नाही. मी तरी सगळं शिकायला म्हणून कुठे वाचते?

गेल्या महिन्यात त्याला आणखी एक खोटं सापडलं. या गेममध्ये यानावर एका वेळी एकाच गोलाचं गुरुत्वाकर्षण चालतं. ग्रह आणि चंद्र दोघंही एकदम ओढत नाहीत. म्हणून आता साहेब दोघांची ओढ धरणारा स्वतःचा प्रोग्राम लिहितायत. त्यातला चंद्र दोन-तीन फेऱ्या नीट मारतो आणि मग हळूहळू लांब पळायला लागतो. प्रत्येक गणनेत वेळ जितका पुढे सरकवायचा, तो टप्पा फार मोठा घेतलाय, असा त्याचा संशय आहे. सकाळपासून तो टप्पा लहान करत बसलाय आणि संगणक रडकुंडीला आलाय.