पंखा बंद करून ऐकलेलं

रविवार, रात्री पावणेअकरा

आज संध्याकाळी सहाला माडीवरचा पंखा बंद केला. कोणी काही बोललं नाही, पण वहिनींनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. एप्रिलचा शेवट आहे, पश्चिमेच्या भिंतीला अजून हात लावला तर ऊब लागते. पण 'अलिना' हा अल्बम पंख्याखाली ऐकताच येत नाही. त्यात सुरांइतकीच जागा शांततेला आहे आणि आमचा पंखा ती सगळी खाऊन टाकतो.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सोलापुरात मुरारजी पेठेतल्या आमच्या माडीवर आम्ही पाचजण जमतो. वडिलांचा जुना अॅम्प्लिफायर, दोन मोठे स्पीकर, खाली सतरंजी. ज्याची पाळी त्याने अल्बम आणायचा, बाकीच्यांनी तो ऐकून घ्यायचा आणि मग बोलायचं. आजची पाळी माझी होती. गेला आठवडाभर माझ्या पोटात गोळा होता, कारण आमच्यातल्या तबलावाल्या सरांना रागदारीतल्या ख्यालापलीकडचं फारसं चालत नाही आणि माझ्या पिशवीत राग नावाची गोष्टच नव्हती.

'अलिना' हा एस्टोनियाचा संगीतकार आर्वो पॅर्टचा अल्बम, १९९९ मध्ये ईसीएम या रेकॉर्ड कंपनीने काढलेला. ट्रॅक पाच, पण रचना दोनच. 'स्पीगेल इम स्पीगेल', म्हणजे आरशात आरसा, ही १९७८ ची रचना तीनदा येते. दोनदा व्हायोलिनवर, एकदा चेलोवर. मध्ये मध्ये 'फ्यूर अलिना' हा एकट्या पियानोचा तुकडा दोनदा. दुसऱ्यांदा तेच सुरू झालं तेव्हा भाच्याने कव्हर उलटून पाहिलं, तिसऱ्यांदा सरांनी डोळे उघडले.

"हे परत तेच आहे."

"हो सर."

"मग विस्तार कुठाय?"

त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता आणि माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. उत्तर वहिनींनी दिलं, तेही शब्दांनी नाही. त्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. कोपऱ्यातली आमची पेटी त्यांनी ओढून घेतली, पियानोचा आधार बघून सा धरला आणि व्हायोलिनच्या मागोमाग हलक्या हाताने सूर शोधायला लागल्या. रे ग. मग म ग. मग सा रे ग. प म ग. नि सा रे ग. ध प म ग. एकदा खालून चढत ग वर यायचं, एकदा वरून उतरत ग वर यायचं, आणि दर जोडीला एक सूर वाढवायचा.

"अहो, हे तर पलटे आहेत," वहिनी म्हणाल्या. "आमच्या गुरुजींनी पहिल्या वर्षी हेच घोटून घेतलं होतं."

मी हा अल्बम किती वर्षं ऐकतोय! खालून चढणं आणि वरून उतरणं ही एकमेकांची आरशातली रूपं आहेत, नावातच ते सांगून ठेवलंय, आणि माझ्या कानाला ते कधी दिसलं नव्हतं. पेटीच्या पट्ट्यांवर वहिनींची बोटं ग च्या दोन्ही बाजूंना एकेक घर लांब जाऊन परत येताना पाहिली तेव्हा समजलं. विस्तार आहे, पण एका वेळी एकाच सुराचा.

सर मात्र हटले नाहीत. "सगळं ग वर येऊन थांबतंय. सा वर विसावतच नाही."

"मारवा रागात तरी कुठे लवकर विसावतो?" वहिनी म्हणाल्या.

यावर सर हसले. पण हसले म्हणजे मान्य केलं असं नाही. मारव्यात सा लपवलेला असतो, त्याची ओढ लागते, इथे ओढच नाही, असं त्यांचं म्हणणं. मला हे पटत नाही. ओढ आहे, फक्त ती सा ची नसून पुढच्या सुराची आहे. तासभर वाद झाला असता, पण भाचा मध्येच म्हणाला, "मला आवडलं. एकदम रिलॅक्सिंग. मी झोपताना लावतो असलं."

खरं सांगायचं तर आज मला लागलं ते हेच. सरांचा नकार नाही लागला. ते घामाने निथळत पूर्ण ऐकत बसले, तीनही आवृत्त्या ऐकल्या आणि मग नको म्हणाले. तो नकार त्या संगीताचा मान ठेवून दिलेला आहे. झोप यावी म्हणून लावलेल्या संगीताची स्तुती मात्र उशीची स्तुती केल्यासारखी आहे. आजच्या वाद्यसंगीताचं मोठं नुकसान नाकं मुरडणाऱ्यांनी केलेलं नाही, अशा न ऐकता आवडवून घेणाऱ्यांनी केलंय असं मला मनापासून वाटतं. भाच्याला मी तसं बोललोही. जरा जास्त कडक बोललो. पोरगा गप्प झाला. उद्या फोन करायला हवा.

पंखा लावला, चहा झाला, कडक भाकरी आणि शेंगाचटणी झाली. मग दुसरा अल्बम, अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशचा 'म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स', १९७८ चा, हाही ईसीएमचाच. जवळजवळ तासभर न थांबता चालतो. मरिंबा, झायलोफोन, पियानो, क्लॅरिनेट, बायकांचे आवाज. संचालक कोणी नसतो. पुढच्या भागात कधी जायचं ते व्हायब्राफोनवाला वाजवून सुचवतो, आणि सुरांच्या काही लहरींची लांबी बास क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचा श्वास आरामात पुरेल तेवढीच.

दहा-बारा मिनिटांत सर म्हणाले, "पुरे आता." वहिनींनी लगेच विचारलं, "तुमच्या सोलो तबल्याला मी अर्धा अर्धा तास एकच लेहरा, तीच ती सुरावट, धरते, तेव्हा?"

"लेहरा ही जमीन. तिच्यावर तबला उभा असतो. इथे नुसतीच जमीन आहे."

आज संध्याकाळचं सगळ्यात नेमकं वाक्य हे. मी राइशच्या बाजूचा असूनही ते मला खोडता येत नाही. सर म्हणाले म्हणून आवाज कमी करायला मी हात पुढे केला, तर अण्णा मध्ये पडले.

"कशाला बंद करालास? राहू दे की."

अण्णा साखर पेठेतले. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि तीसेक वर्षं टॉवेलच्या कारखान्यात माग चालवलेला माणूस. आमच्यात ते सगळ्यात कमी बोलतात. उजव्या हाताची दोन बोटं गुडघ्यावर चालू होती, केव्हापासून कोण जाणे.

"दोन माग एका दमात चालू केले ना," ते म्हणाले, "तरी एकत्र राहत नाहीत. थोड्या वेळाने एक पुढं जातो. खटखट वेगळी वेगळी व्हायला लागते. मग कधीतरी परत एक होते, दोनचार ठोके, की परत सुटली. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून मी त्याचीच वाट बघत बसायचो."

माझ्या अंगावर काटा आला. कारण राइशची सुरुवात नेमकी तिथेच आहे. १९६५ मध्ये त्याने दोन टेपरेकॉर्डरवर एकच तुकडा एकदम चालू केला, यंत्रं हळूहळू एकमेकांपासून सरकत गेली आणि त्या सरकण्यात त्याला संगीत सापडलं. १९६७ मध्ये त्याने तेच दोन पियानोंवर माणसांकडून वाजवून घेतलं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. अण्णांनी शेडमध्ये ऐकलं होतं.

मग अल्बम शेवटपर्यंत ऐकला. सर गच्चीच्या दारात जाऊन उभे राहिले, पण खाली उतरले नाहीत. संपल्यावर आत आले आणि म्हणाले, "अण्णा, तुम्ही सांगितलंत ते ऐकू आलं मला. पण हे मी घरी लावणार नाही." मी 'कॉल ऑफ द व्हॅली'चा विषय काढला. सरांची ती रेकॉर्ड झिजली आहे. १९६७ मध्ये संतूर, बासरी आणि गिटार एकत्र आणून मेंढपाळाचा एक दिवस रंगवणं हेही नवीनच होतं, आणि संतूरवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही म्हणून शिवकुमार शर्मांनी काय काय ऐकून घेतलं!

"त्यात अहिर भैरव राग होता रे," सर एवढंच म्हणाले. "मला धरायला काहीतरी लागतं."

अण्णांना धरायला माग होता, वहिनींना पलटे. सरांना आज काही सापडलं नाही आणि ते त्यांनी सरळ सांगितलं.

जिन्यात चपला घालताना सर थांबले. पुढची पाळी त्यांची आहे. अमीर खाँसाहेबांचा मारवा आणणार म्हणाले.

"पूर्ण ऐकायचा. आणि मध्ये चहा नाही."

"पंखा?" वहिनींनी विचारलं.

"बंद."